टर्बोवाले धकातेकाका

व्हेरायटी चौकात सिग्नल लागला की आमचे धकातेकाका माझ्या स्कूटरवरून उतरतात आणि शेजारच्या अनोळखी गाडीच्या बॉनेटला कान लावतात. आतला माणूस हॉर्न वाजवतो. काका काचेवर टकटक करून सांगतात, "भाऊ, टर्बो हवा देऊन नाही राहिला. पाइप पाहून घे." तोवर सिग्नल सुटतो, मागचे लोक आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि मी लाजेनं अर्धमेला होतो. हेल्मेटला काळी काच बसवली ती याच माणसामुळे.

जरीपटका वस्तीत त्यांच्या भिंतीला माझी भिंत. घराणं विणकर कोष्ट्यांचं, पण काकांची हयात गेली सरकारी कचेरीत. काकू गेल्या आणि ते एकटे पडले. मग मुलगा प्रशांत पुण्याहून टर्बोची डिझेल गाडी घेऊन आला आणि काकांना हे खूळ लागलं. टर्बो म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणारा पंखा, हे मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. "हवा कमी पडली की गाडीचा दम जाते. मंग चढावर म्हातारीवानी कण्हते." आधी फिल्टर पाहायचा, मग पाइप, मग पाइप आवळून धरणारे क्लॅम्प. आवळलेल्या क्लॅम्पवर लाल दोऱ्याची गाठ मारायची, म्हणजे काम झाल्याची खूण. "आमच्यात धागा सुटा सोडत नाही गा."

एकदा पाइपातली गळती शोधायला त्यांनी माझ्या बायकोचा भांड्यांचा साबण पळवला. गल्लीभर फेस! एका बाईनं मला विचारलं, "वडील का तुमचे?" अरे देवा. "शेजारी, शेजारी!" मी जवळजवळ ओरडलोच.

गंमत म्हणजे प्रशांतची गाडी नेमकी परतायच्या दिवशीच आजारी पडायची. यंदाच्या दिवाळीतही तो सकाळी निघाला आणि गल्लीच्या टोकावरून परत आला.

"बाबा, पिकअपच नाही. काळा धूर सोडून राहिली."

"दम धर ना मंग! असं पाहता पाहता होते का? दोन दिवस तरी लागतील."

काकांचा चेहरा असा खुलला की वाटावं, घरात लग्न निघालंय. मला टॉर्च धरायला उभं केलं. भर उन्हात टॉर्च! फिल्टर निघाला, झटकला, परत बसला. पाइपाकडे मात्र ते कोणाला जाऊच देईनात. "तिकडे काही नाही. तिकडे मी पाहेलं हाय."

प्रशांतनं त्यांचा हात बाजूला केला आणि आत वाकून पाहिलं. टर्बोकडून येणाऱ्या जाड पाइपाचा क्लॅम्प पार ढिला होता, बोटानं फिरत होता. आणि त्या ढिल्या क्लॅम्पवर लाल दोऱ्याची कोरी करकरीत गाठ. ढिला करतानाही हाताची सवय सुटली नव्हती.

काकांचे कान लाल झाले. मी उगाच टॉर्च बंद केला, पुन्हा लावला. लाज त्यांची, पण कुठं तोंड लपवू असं मला झालं.

"काहून बाबा? थांब म्हटलं असतं तर थांबलो नसतो का मी?"

काका इंजिनाकडेच पाहत बोलले. "थांब म्हणायची लाज वाटते गा. तुले नोकरी हाय, लेकरं हायेत. तुले अडवणारा मी कोण? तुही माय बिनधास्त थांब म्हणे. मले नाही जमत."

प्रशांतनं पेचकस उचलला. क्लॅम्प गच्च आवळला आणि बॉनेट पाडलं. काका समजले. मुकाट्यानं जाऊन त्यांनी फाटक सताड उघडलं आणि गाडी निघायला वाट सोडून बाजूला उभे राहिले.

"फाटक लावा बाबा," प्रशांत डिक्कीतून बॅगा काढत म्हणाला. "परवा जातो."

काकांनी फाटक लावलं, कडी घातली आणि तिथंच आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मी टॉर्च पायरीवर ठेवला आणि आवाज न करता घरी आलो.