दिवंगत पत्नीसह रविवारचं जेवण

शनिवारी सकाळी आमच्या ओव्हननं एक मोठा ढेकर दिला आणि प्राण सोडला. दुरुस्तीवाला म्हणाला, बुधवारी येतो. माझी बायको हिलरी कमरेवर हात ठेवून ओव्हनकडे बघत होती, मी हिलरीकडे बघत होतो, आणि तेवढ्यात माझ्या तोंडून चार शब्द निसटले.

"उद्या बाहेर जेवू या."

"बाहेर?" हिलरी म्हणाली. "रविवारचं जेवण?"

"एवढ्या वेळेपुरतं."

"बरं. मग जागा तू शोध. सगळं हेरफर्डशर पायाखाली घातलंयस तू."

हे खरं आहे. मी, डेस्मंड प्रॉसर, कौन्सिलच्या पायवाट विभागात कारकून आहे. कुठल्या शेतकऱ्यानं सार्वजनिक पायवाटेवर बैल बांधला, कुठल्या कुंपणाची पायरी मोडली, हे बघायला मला आठवड्यातून दोनदा फिरतीवर जावं लागतं. (बैल आहे की नाही हे मी कुंपणाबाहेरूनच बघतो. अहवालात तसं लिहीत नाही.) पण उत्तम जेवण कुठे मिळतं हे माहीत असणं वेगळं आणि तिथे बायकोला नेणं वेगळं. माझी अडचण नीट कळायला हिलरीच्या स्वयंपाकाबद्दल दोन शब्द सांगावे लागतील. तेही हळू आवाजात.

सव्वीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, तिनं बीफचा रोस्ट केला. मांसाचा रंग शाळेच्या पाटीसारखा. बटाटे बाहेरून कोळसा आणि आतून कच्चे. ग्रेव्ही वाढायला तिनं सुरी घेतली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. नवी नवरी, गालाला पीठ लागलेलं. मी म्हणालो, "हिलरी, असा रोस्ट मी जन्मात खाल्ला नव्हता."

यात खोटं काही नव्हतं. पण तिचा चेहरा असा उजळला, की त्यानंतर जवळजवळ तेराशे रविवार मी तेच वाक्य थोडं फिरवून म्हणत आलोय. "तुझ्यासारखं कुणाला जमायचं नाही." "हे दुसरीकडे मिळायचं नाही." आता जर तिनं बाहेर एक चांगला रोस्ट खाल्ला, तर पहिल्याच घासाला तिला कळणार की आपला नवरा सव्वीस वर्षं थापा मारतोय. म्हणजे आता मला अशी जागा हवी होती, जिथलं जेवण हिलरीपेक्षा वाईट असेल.

हे काही सोपं काम नव्हतं. मी ऑफिसातल्या गॉर्डन प्रीसला फोन लावला.

"गॉर्डन, आपल्याकडे सगळ्यात वाईट रोस्ट कुठे मिळतो?"

"सगळ्यात चांगला, असं म्हणायचंय का तुला?"

"वाईट."

"सासू येणारेय का?"

"नाही रे, हिलरीला न्यायचंय."

पलीकडे गॉर्डननं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग अगदी मऊ आवाजात, "डेस्मंड, घरी सगळं ठीक आहे ना?"

शेवटी त्यानं ब्लॅक बुल या पबचं नाव सांगितलं. तिथलं बीफ खाऊन त्याला दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे जावं लागलं होतं. मी समाधानानं फोन ठेवला.

रविवारी साडेबाराला आम्ही ब्लॅक बुलच्या दारात. हिलरीनं निळा कोट घातला होता, तो फक्त लग्नाकार्यात बाहेर निघतो. दारातच ताज्या भाजलेल्या मांसाचा आणि रोजमेरीचा असा काही वास आला की मी उंबरठ्यावरच थांबलो. दारावर पाटी होती, 'नवे मालक, नवा आचारी.' आत मुंगी शिरायला जागा नव्हती.

"टेबल?" काउंटरमागचा माणूस हसला. "साहेब, आज मदर्स डे. तीन आठवड्यांपूर्वी यायचं होतंत."

"सकाळी लीड्सहून ॲलनचा फोन कशाला आला होता असं वाटलं तुला?" हिलरीनं विचारलं.

आमचा मुलगा दर रविवारी फोन करतो, त्यामुळे मला वेगळं असं काही वाटलं नव्हतं.

मग रेड लायन. तिथे एकेका टेबलाला तीन तीन पिढ्या बसल्या होत्या. मग व्हीटशीफ. तिथल्या बाईनं आम्हाला बघूनच मान हलवायला सुरुवात केली. मग आणखी दोन. आमच्या भागात रविवारचं स्वयंपाकघर अडीचला बंद होतं, नंतर राजा आला तरी त्याला शेंगदाण्याचं पाकीट देतात. पावणेदोन झाले. पाऊस भुरभुरत होता. हिलरी नकाशा मांडीवर घेऊन एकेका गावावर बोट ठेवत होती.

"थांब," ती एकदम म्हणाली. "तिथे खाली दिसतंय ते काय? चर्चच्या मागे, धूर येतोय बघ."

मला न बघताच माहीत होतं ते काय आहे ते.

"सेव्हन स्टार्स," मी म्हणालो. "तिथे नको."

"का?"

"उंदीर."

"तुला कुणी सांगितलं?"

"फाईलमध्ये होतं."

"पायवाटेच्या फाईलमध्ये उंदीर?"

"ते पायवाटेनंच येतात."

हिलरीनं नकाशाची घडी घातली. "डेस्मंड, मला भूक लागलीय. वळव गाडी."

मी गाडी वळवली. आणि वळवतानाच मला तीन वर्षांपूर्वीचा तो मंगळवार आठवला. तुम्हालाही सांगून टाकतो, कारण पुढे वेळ मिळायचा नाही.

तेव्हा हिलरी आठवडाभर डेव्हनला बहिणीकडे गेली होती. मी फिरतीवर होतो, भिजलेला, कोटाचं बटण तुटलेलं. सेव्हन स्टार्सच्या मालकीणबाई पेगी गॉफ. काउंटरइतक्याच रुंद आणि मनानं त्याहून मोठ्या. समोर येणाऱ्या प्रत्येकाला त्या 'राजा' म्हणतात. त्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं आणि बटणाकडे बघून विचारलं, "का रे राजा, घरी बायको नाही का?"

माझ्या तोंडात नुकताच गरम बटाटा गेला होता. मी म्हणालो, "गेली."

'बहिणीकडे' हा शब्द बटाट्यामागे अडकला. डोळ्यांत पाणीही आलं, तेही बटाट्यामुळेच. पेगीबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कधी?"

"शनिवारी," मी कसाबसा म्हणालो.

"अरे देवा. आणि आज मंगळवार!" असं म्हणून त्यांनी माझ्या ताटात आणखी दोन काप बीफ आणि एक यॉर्कशर पुडिंग वाढलं. हे पुडिंग गोड नसतं; सोनेरी, वाटीसारखं फुगलेलं, आत ग्रेव्हीचं तळं.

पुढच्या मंगळवारी मी त्यांना खरं सांगणार होतो. खरंच. पण ताट आधी आलं. खरं बोलायला पोट थोडं रिकामं लागतं, आणि सेव्हन स्टार्समध्ये ते कधी रिकामं राहिलंच नाही. अशी तीन वर्षं गेली.

आम्ही दार ढकललं. पेगीबाईंनी वर बघितलं.

"डेस्मंड! राजा, रविवारी कसा तू?" मग त्यांची नजर निळ्या कोटावर गेली आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप छातीवर आले. "अगं बाई! विल्फ, बघ! आपला डेस्मंड कुणालातरी घेऊन आलाय!"

शेकोटीजवळ विल्फ बसला होता. ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा, जन्मभर मेंढ्या पाळलेला, आणि बोलताना माणसांनाही मेंढ्याच समजणारा. त्यानं हिलरीला नखशिखांत न्याहाळलं. "पाय मजबूत आहेत," तो म्हणाला. "छान केलंस पोरा. माणसानं किती दिवस एकट्यानं काढायचे?"

"हे तुला ओळखतात?" हिलरीनं मला विचारलं.

"कामानिमित्त," मी म्हणालो.

"ओळखतात म्हणजे!" पेगीबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला. "दर मंगळवारी त्या खिडकीत बसतो बिचारा. एक टेबल आत्ताच रिकामं झालंय, बसा तुम्ही. तुम्हाला सांगते बाई, बायको गेल्यापासून आम्हीच याला दोन घास घालतोय."

मी बुटांकडे बघत होतो. लेस सुटली नव्हती, तरी बांधली.

"बायको गेली?" हिलरी सावकाश म्हणाली. "कधी?"

"तीन वर्षं झाली. तुम्हाला सांगितलं नाही त्यानं? बोलतच नाही तो त्या विषयावर. विचारलं की तोंड भरून घेतो."

"कशानं गेली?"

पेगीबाईंनी आवाज खाली आणला. "तेही कधी बोलला नाही. पण आमचा अंदाज, पोटाचं काहीतरी असावं. खाण्यातून झालं असेल."

"असं का वाटलं तुम्हाला?"

"एकदा म्हणाला होता ना तो! देवानं तिला सगळं दिलं, फक्त ग्रेव्ही द्यायला विसरला."

मी वर बघितलं. हिलरी माझ्याकडेच बघत होती. सव्वीस वर्षांत तिच्या चेहऱ्यावरचे सगळे भाव मला पाठ झालेत, पण हा नवा होता. खरं सांगतो, मला वाटलं की आता संपलं. ती उठणार, गाडीची किल्ली घेणार आणि मी उरलेलं आयुष्य खरोखरच खिडकीतल्या त्या टेबलावर काढणार. आणि त्या क्षणी पहिल्यांदाच मला जाणवलं की या बाईला मी तीन वर्षं दर मंगळवारी मारत आलोय, तेही एका यॉर्कशर पुडिंगसाठी.

हिलरीनं कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर नीट टाकला.

"बिचारी," ती म्हणाली. "आणि स्वभावानं कशी होती हो ती?"

"फार चांगली होती म्हणे," पेगीबाई म्हणाल्या. "तिच्याबद्दल वाकडा शब्द नाही याच्या तोंडी. तिचं हसणं, तिची बाग, पावसात याची वाट बघत दारात उभं राहणं... एकदा तर टिपं गाळली यानं."

"तो मोहरीच्या चटणीचा झणका होता," मी पुटपुटलो.

"गप्प बस, डेस्मंड," दोघी एकदम म्हणाल्या.

ताटं आली. बीफ मधोमध गुलाबी, बटाटे असे कुरकुरीत की विल्फनं शेकोटीपाशी मान वळवली, गाजरं लोण्यात माखलेली. हिलरीनं पहिला घास घेतला. तिनं दुसरा घेतला. मग तिसरा. मग डोळे मिटले. तिनं ताट संपवलं, आणि नंतर पावाच्या तुकड्यानं ग्रेव्ही पुसून घेतली. ताट धुवायची गरज राहिली नाही. वरून गोड म्हणून रुबार्ब क्रम्बल मागवलं, कस्टर्डसकट. माझ्या घशाखाली एक वाटाणा उतरत नव्हता. (तरी मी ताट संपवलं. अन्न वाया घालवू नये.)

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवली नाही.

"हिलरी," मी म्हणालो, "मी मूर्ख आहे."

"हो."

"बटाटा गरम होता."

"असेल." ती काचेवरच्या पावसाकडे बघत होती. "डेस्मंड, माझा रोस्ट वाईट असतो?"

मी गाडीचा आरसा नीट केला. "वाईट असं नाही... म्हणजे, हो."

आणि हिलरी हसायला लागली. इतकी हसली, की खिडकीतून पेगीबाईंनी आम्हाला बघून प्रेमानं हात हलवला.

"मला माहितीय रे तो वाईट असतो," ती डोळे पुसत म्हणाली. "मला तोंडच नाही का? दर रविवारी सात वाजता उठून मी मनात म्हणते, देवा, आज नुसता टोस्ट खाऊ दे. पण मग म्हणते, नको, माझ्या डेस्मंडचा जीव आहे त्या रोस्टवर! जगात तो एकटाच माणूस आहे ज्याला हा आवडतो. त्याला कसं नाही म्हणू?"

तिनं माझा हात हातात घेतला. "दारात उभं राहण्याचं तू खरंच सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं."

"मग तुला माफ केलं. ग्रेव्हीचं मात्र नाही."

बुधवारी ओव्हन दुरुस्त झाला. त्यात आता हिलरी बियांची पाकिटं ठेवते, तिथे ती कोरडी राहतात. रविवारी आम्ही सेव्हन स्टार्सला जातो. मी पेगीबाईंना सगळं खरं सांगून टाकावं म्हणत होतो, पण हिलरीनं सक्त मनाई केली. "इतक्या चांगल्या बाईचं मन दुखवायचं नाही," ती म्हणाली. खरं कारण वेगळं आहे. विधुराला पदरात घेणाऱ्या बाईला पेगीबाई दोन यॉर्कशर पुडिंगं वाढतात. मला आता एकच मिळतं. 'तुझं आता भागलंय की, राजा,' असं म्हणतात.

गेल्या रविवारी ताटं उचलताना पेगीबाईंना राहवलं नाही. "काय बाई," त्यांनी हिलरीला विचारलं, "लग्नाचं कधी मनावर घेणार?"

हिलरीनं माझ्या ताटातला शेवटचा बटाटा काट्यावर घेतला, माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "घाई कसली? अजून दोन-तीन स्थळं बघायची आहेत."

शेकोटीजवळच्या विल्फनं टोपी काढली आणि तळव्याला थुंकी लावून, होते नव्हते तेवढे केस नीट बसवले.