शंकरभाऊंचे भोंगे

आमच्या कामरगावात गायक कितीही मोठा असो, शंकरभाऊंना सही दिल्याशिवाय त्याला माईक मिळत नसे. मंडप भरलेला, पेटीवाल्यानं सूर धरलेला, कव्वाल घसा खाकरून तयार, आणि भाऊ मात्र आपल्या लाउडस्पीकरच्या मशीनच्या बटणावर अंगठा ठेवून शांत उभे. दुसऱ्या हातात लाल ऑइलपेंटचा डबा आणि कुंचला. "पयले सही, मंग सूर," एवढंच म्हणायचे.

सही घ्यायची ती भोंग्यावर. वहीबिही त्यांना मंजूर नव्हती. "कागदातून आवाज येते काय?" असा त्यांचा सवाल असे. ज्या भोंग्यातून आवाज निघणार, त्याच भोंग्यावर नाव. ज्याला लिहिता येत नसेल, त्यानं रंगात अंगठा बुडवायचा. दंडारीच्या लोकनाट्यातले सोंगाडे, उरसातले कव्वाल, भीमगीतं गाणाऱ्या बाया, सगळ्यांचे हात भाऊंनी लाल करून सोडले. एका कव्वालानं तर गडबडीत तोच हात पांढऱ्या शेरवानीवर ठेवला आणि कार्यक्रमभर गोळी लागल्यासारखा दिसत राहिला.

आता डीजेच्या जमान्यात भोंगे कोण मागतो? ते सगळे भाऊंच्या घरात छताला टांगलेले आहेत. पाहुणा उठून उभा राहिला की कुठल्या ना कुठल्या शाहिरावर डोकं आपटतं. वहिनींनी एकदा त्यातलाच एक काढून पोत्यात तूर ओतायला घेतला. भाऊ कळवळून ओरडले, "अवं, त्या बाईच्या गळ्यातून तूर चाल्ली!" दुसऱ्या एका भोंग्यात कोंबडी अंड्यांवर बसली, तर पिल्लं निघेपर्यंत त्यांनी तिला हलवू दिलं नाही. कोणी विचारलं की गंभीरपणे सांगायचे, "शाहिरात बसली हाय. उठवू नका."

"मास्तर, या मानसाले तंबाकूचा नाद असता त पुरला असता," वहिनी मला म्हणतात. "तंबाकू निदान डोक्यावर पडत नाई."

मी शेजारी आणि त्यात शाळामास्तर, म्हणून कोणाचं अक्षर कसं आहे याचा निवाडा माझ्याकडे असतो. मी सगळ्यांना पास करतो. तेवढ्यावर चहा मिळतो.

एकच भोंगा कोरा होता. तो रंभेचा. रंभा म्हणजे मंगरूळपीरजवळ राहणारे तुळशीरामदादा. दंडारीत ते बाईचं सोंग घेऊन गायचे. आयुष्यात एकदाच भाऊंनी आपला नियम मोडला तो त्यांच्यासाठी, कारण सही मागितली तेव्हा रंभेच्या हाताची मेंदी ओली होती. सही गाण्यानंतर द्यायचं ठरलं आणि ऐन रंगात माईक बंद पडला. मंडपभर शिट्ट्या सुरू झाल्या. रंभेनं गाणं शेवटपर्यंत म्हटलं, पण ते कोणाला ऐकूच गेलं नाही. रंभा स्टेजवरून उतरली ती सरळ घरी गेली. तेव्हापासून भाऊ दर वर्षी भोंगा घेऊन त्यांच्या दारात जातात आणि कोराच घेऊन परत येतात.

यंदा दादा आजारी असल्याचं कळलं आणि भाऊंचा धीर सुटला. "मास्तर, चाला. आता राह्यली त राह्यलीच."

मी मोटारसायकलवर मागे आणि माझ्या मांडीत भोंगा. वाटेत दोघातिघांनी कोणतं इलेक्शन लागलं म्हणून विचारलं.

दादा अंगणात बाजेवर बसले होते. भोंगा दिसताच त्यांनी तोंड फिरवलं. "कायले आला? तुह्या मशीननं माहं गानं खाल्लं."

भाऊ काहीतरी पुटपुटले. दादांना ऐकू फार कमी येतं. "आं?" भाऊंनी पुन्हा सांगितलं. पुन्हा "आं?" शेवटी भाऊंनी भोंग्याचं निमुळतं तोंड आपल्या तोंडाला लावलं, रुंद तोंड दादांच्या कानाशी नेलं आणि जीव खाऊन ओरडले, "दादा, माईक बिगडला नवता! म्याच बंद केल्ता!"

सगळी गल्ली बाहेर आली. शेजारची बाई पिठाच्या हातानं तशीच दारात उभी राहिली. इतक्या वर्षांत भाऊंनी हे मलाही सांगितलं नव्हतं, त्यामुळे मीही बघतच राहिलो.

"काहून?" दादांनी विचारलं.

"तुमचा आवाज असा लागला होता, का मले मशीन मधात नको वाटली! नुसता आवाज आयकाचा होता! लोकं बसले हायेत, हे ध्यानातच नाई राह्यलं!"

दादांचा हात काठीकडे गेला, तेव्हा मी दोन पावलं मागे सरकलो. पण त्यांनी काठी नुसतीच बाजूला ठेवली.

"मंग तुले आयकू आलं?"

"सारं! पडद्याच्या मांगंच उभा होतो!"

"मले वाटे, ते गानं कोनीच नाई आयकलं," दादा म्हणाले. एवढं हळू, की ते आम्हाला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे. मग त्यांनी कुंचला मागितला. अक्षरं वरखाली गेली, पण सही झाली.

भाऊंनी सहीकडे पाहिलंच नाही. कुंचला पुसलेल्या फडक्यानं ते डोळे पुसत होते आणि त्यांचे दोन्ही गाल लाल होत चालले होते. दादांनी ते पाहिलं.

"पाहा मास्तर, आता हा रंभा दिसून राह्यला," असं म्हणून ते बाजेवर जरा सरकले आणि भाऊंना बसायला जागा करून दिली.