खाचा जुळल्या की झालं

छापखान्यात त्याला सगळे जमदग्नी म्हणत, अर्थात पाठीमागे. काम मुद्रितशोधकाचं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका हुडकायच्या आणि दिवसभर संतापायचं. एखादी वेलांटी चुकलेली दिसली की याच्या डोक्यात तिडीक गेलीच. आणि नेमकं अशा माणसाला शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं, की तुमच्या मुलीला वाचता येत नाही. पुस्तकातलं चित्र बघते आणि खाली काय लिहिलं असेल ते ठोकून देते. येत्या सोमवारी चित्राशिवाय एक ओळ वाचून दाखवली तर ती वरच्या वर्गात, नाहीतर पुन्हा पहिलीत. लेकीचं घरातलं नाव भिंगरी. ती रडरड रडली, कारण बाकावरची मैत्रीण पुढे जाणार आणि ही मागे राहणार. बापाला रडूबिडू येत नसे. राग मात्र अस्सा आला की बस्स!

"आठवडाभरात पोरीला पेपर वाचायला लावतो, बघाल तुम्ही," त्याने जेवणाच्या सुट्टीत अख्ख्या छापखान्याला ऐकवलं.

बायकोने बाजारातून एक खोका आणला. चित्र-शब्दांचं कोडं. पुठ्ठ्याच्या एका तुकड्यावर चित्र, दुसऱ्यावर त्याचा शब्द, दोन्ही जुळवायचे. बायकोचं म्हणणं, चित्रामुळे शब्दाशी ओळख होते, पोरीला गोडी लागेल, तेवढं तिच्या डोक्यावर बसू नका. भिंगरीला तर गोडी इतकी लागली की दुसऱ्याच दिवशी जेवता जेवता तिने सगळा खोका जुळवला. घोडा, छत्री, टोपली, सगळं बरोबर. बापाची छाती फुगली. त्याने ताबडतोब आपल्या मोठ्या बहिणीला बोलावून घेतलं, कारण हिनेच एकदा म्हटलं होतं, की पोर बापासारखी घाईची आहे.

ताईने पोरीचा खेळ पाहिला, कौतुक केलं, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, सगळे तुकडे उलटे करून पसरले. पाठ कोरी, ना चित्र ना शब्द. भिंगरीने तेही भराभर जुळवून दिले.

"अगं, हे कसं केलंस?" ताईने विचारलं.

"सोप्पं आहे आत्या. प्रत्येकाची खाच वेगळी आहे ना. खाचा जुळल्या की झालं."

मग बापाच्या तोंडाचा जो काही पट्टा सुटला म्हणता! बायकोला बोलला, ताईला बोलला, खोका बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कात्री घेतली आणि एकेक खाच कराकरा कापून सगळे तुकडे सरळसोट केले. घे म्हणे, जुळव आता! पोरगी मुसमुसत बसली. बाप धुसफुसत कामावर गेला. मागे बायकोने डोळे पुसले पोरीचे आणि तुकडे घेऊन तिच्याशेजारी जमिनीवर बसली. रोज बसली. बापाने काही ते पाहिलं नाही, कारण रागावलेल्या माणसाला आणखी कामं असतात.

रविवार उजाडला, तरी त्याचा पारा उतरेना. उद्या पोरीची परीक्षा, आणि या फसव्या मालामुळे वर्ष वाया जाणार! दुकानदाराला चार शब्द सुनावल्याशिवाय त्याला अन्न गोड लागणार नव्हतं. दुकान कुठलं, म्हणून बायकोला विचारलं. बाजाराच्या तोंडाशी, बाहेर हत्ती रंगवलाय ते, असं ती म्हणाली, आणि पुढेही काहीतरी सांगत होती. पण तोवर हा एका काखेत खोका आणि दुसऱ्या हातात पुरावा म्हणून पोरगी घेऊन जिना उतरला होता.

बाजाराच्या तोंडाशी हत्ती दिसला. हा तीरासारखा आत घुसला आणि खोका गल्ल्यावर आदळला.

"लाज वाटत नाही असला माल विकायला? खाचा जुळल्या की काम फत्ते!"

दुकानदार सावकाश माणूस. तो म्हणाला, "खाचा जुळल्यावर उघडणारच की साहेब. नाही उघडलं तर मला सांगा."

"लहान पोरीने उलट्या बाजूने जुळवलं!"

हे ऐकून दुकानदार चरकला. म्हणाला, एवढी तरबेज पोरगी असेल तर तिला माझ्या दुकानात कशाला आणलीत? यावर बापाचा आवाज असा चढला की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. मी सगळ्या खाचा कापून काढल्यात, असं त्याने ठणकावलं. मग बिघडणारच, असं दुकानदाराने तितक्याच शांतपणे सांगितलं. भिंगरी बापाचा सदरा ओढत होती. त्याने दोनदा तिला गप्प केलं. शेवटी ती दाराबाहेर गेली, मान वर करून पाटीखाली उभी राहिली आणि एकेका अक्षराकडे बोट करत मोठ्याने वाचायला लागली.

"ये… थे… कु… ल… पे… मि… ळ… ती… ल. येथे कुलपे मिळतील."

बापाने पहिल्यांदाच मान वळवून भिंतीकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत कुलपंच कुलपं!

"पण बाहेर हत्ती आहे," तो पुटपुटला.

"हत्ती नुसता काढलाय बाबा. लिहिलंय कुलपे." मग ती दुकानदाराजवळ गेली आणि समजुतीच्या स्वरात म्हणाली, "काका, रागावू नका हं. माझे बाबा चित्र बघून आले."

समोरच्या बाजूला दुसरा हत्ती होता, पाटीवर खेळण्यांचं नाव होतं, दार सताड उघडं होतं. तिकडे न बघता बापलेक घरी आले. बापाच्या काखेत खोका होता आणि हातात एक नवंकोरं पितळी कुलूप, कारण इतका तमाशा केल्यावर रिकाम्या हाताने बाहेर पडायचं तरी कोणत्या तोंडाने? बायकोने कुलपाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि दुकानदार काय म्हणाला, एवढंच विचारलं.

"काय म्हणणार?" जमदग्नी तिच्यावरच खेकसला. "पोरगी छान वाचते म्हणाला!"