मॅटाडोरमधले बुवा

हिवाळा कसा काढावा हे सबंध बडोद्यात फक्त मलाच कळलं आहे, असं १९९६ सालापर्यंत माझं ठाम मत होतं!

त्याचं असं झालं. कारेलीबागेतले आमचे शेजारी जयसिंगराव मुलाकडे अमेरिकेला राहून आले. आल्यापासून एकच सांगत सुटले, "तिथे निवृत्त जोडपी घराएवढी मोटार घेतात आणि थंडीभर वाळवंटातल्या गावात जाऊन राहतात. मोटारीतच स्वयंपाक, मोटारीतच झोप!"

मी म्हटलं, "त्यात काय! वाळवंट आपल्याकडे कच्छात आहे, निवृत्त मी आहे, आणि जोडप्याला चाळीस वर्षं होत आली. राहता राहिली मोटार."

तीही मिळाली. एका बालवाडीची जुनी मॅटाडोर. बाकडी काढून पलंग टाकला, मागे शेगडी बसवली. आमच्या हिने, म्हणजे पद्माने, जुन्या साड्यांचे पडदे शिवले आणि शिवता शिवता म्हणाली, "वाळूच खायची तर आपल्या विश्वामित्री नदीचा काठ काय वाईट होता?"

"विश्वामित्रीत मगरी आहेत, पद्मा."

"निदान ओळखीच्या आहेत!"

खरं कारण मी तिलाही सांगितलं नव्हतं. मला कीर्तन करायचं होतं. रिफायनरीतल्या पाळ्या बदलून बदलून मी जन्मभर कीर्तनं ऐकली. एकदा आपण उभं राहावं आणि समोरच्यांनी शेवटच्या आरतीपर्यंत बसावं, एवढंच देवाकडे मागणं होतं. बडोद्यात दोनदा उभा राहिलो. दोन्ही वेळा पूर्वरंगातच सगळ्या श्रोत्यांना घरी गॅसवर दूध ठेवल्याची आठवण झाली! वाळवंटात कसं, उठून जायचं म्हटलं तरी माणूस जाणार कुठे?

रणाच्या काठी खारसर नावाचं गाव आहे. तिथे वेलजीभाईंच्या चहाच्या टपरीमागे आम्ही मॅटाडोर उभी केली. वाटेत कीर्तनाचा बेत कळल्यापासून पद्मा मला चेष्टेने 'बुवा' म्हणू लागली होती. तिने आतून हाक मारली, "अहो बुवा, चहा उतू चाललाय!"

वेलजीभाईंनी किटली खाली ठेवली. हात जोडून हळूच विचारलं, "काका, तमे भुवा छो?"

हवा कोरडी. घशाने 'ब'चा 'भ' होत असेल, असं मला वाटलं. मी विनयाने म्हणालो, "हा हा! पण नवो नवो छुं."

"धूणो छो?"

धून? कीर्तन धुनीशिवाय सुरू तरी होतं का? "धून तो पहेलां ज!"

"नाळियेर लावीए?"

"ए तो जोईए ज!" नारळ तर हवाच.

"दाणा जोशो?"

"जोईश की! शेंगदाणे असले तर प्रसादाला बरे."

वेलजीभाई क्षणभर गोंधळले, मग माझ्या पाया पडले. रिफायनरीतल्या निरोप समारंभातसुद्धा कोणी पडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चारला दीडशे माणसं जमली! बायका, म्हातारे, झाडून सगळा गाव. सगळ्यांच्या पुढे, अगदी माझ्यासमोर, एक म्हैस बांधलेली.

पद्मा पेटी मांडत कुजबुजली, "ही कशाला?"

"मुक्या जिवालाही हरिनामाची ओढ असते," मी म्हणालो आणि म्हशीलाही बुक्का लावला. गर्दीतून एक सुस्कारा उठला.

पहिली चार वाक्यं मी ठरल्याप्रमाणे गुजरातीत म्हटली. मग रस चढला आणि मी सरळ मराठीत शिरलो. पण एक माणूस हलेना! पूर्वरंग संपला, कोणालाही दूध आठवलं नाही! माझे डोळे भरून आले. झांज घेऊन मी अशी काही उडी मारली की टोपी म्हशीच्या शिंगावर जाऊन बसली. लोक ओरडले, "आव्या! आव्या!" आले, आले! मला वाटलं, बुवा रंगात आले.

एवढ्यात एक म्हातारी पद्माच्या कानाला लागली आणि पेटीचा सूर गेला. पद्मा दातओठ खात म्हणाली, "भ! अहो, भ!"

"आत्ताच भैरवी?" मी दटावलं. "अजून आख्यान बाकी आहे!"

आख्यान होतं द्वारकेला निघालेल्या गरीब ब्राह्मणाचं. आता द्वारकेचे द्वारपाल म्हटल्यावर ते गुजरातीच बोलणार! मी म्हशीकडे बोट रोखून, दारातल्या ब्राह्मणाला हाकलून द्यावं तसा गरजलो, "कोण छे तुं? क्यांथी आव्यो? नीकळ अहींथी!"

म्हैस दचकून उभी राहिली आणि रेकली. दीडशे माणसांनी जमिनीला डोकं टेकवलं. असा रंग मी मोठमोठ्या कीर्तनकारांनाही भरताना पाहिलेला नाही!

आरती झाली, तरी सगळे बसलेलेच होते. कृतार्थ होऊन मी घाम पुसत होतो. वेलजीभाई पुढे आले.

"काका, भेंसनो वळगाड गयो ने?"

"काय गेलं?"

पद्माने पेटीचा भाता धाडकन बंद केला. "भूत! म्हशीला लागलेलं भूत! तीन आठवडे दूध देत नाही ती. अहो, इथे भुवा म्हणजे भूत उतरवणारा मांत्रिक! धूणणं म्हणजे अंगात येऊन घुमणं, आणि दाणा म्हणजे कौल लावायचे दाणे! तासभर भ भ करून माझा घसा बसला!"

बडोद्यात जन्म गेला, पण भुव्याशी कधी गाठ पडली नव्हती. कारेलीबागेत शिकवण्याच इतक्या की भुताला शिरायला जागा नाही. मी मॅटाडोरच्या पायरीवर बसलो.

"वेलजीभाई, मग दीड तास तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत तरी काय?"

वेलजीभाई भला माणूस. माझ्या खांद्यावर हात ठेवून, लहान मुलाची समजूत घालावी तसे म्हणाले, "अमने तो एके अक्षर न समजायो, काका. पण तमे क्यां अमारी साथे वात करता'ता? भूतनी साथे करता'ता ने!"

म्हणजे मी बोलत होतो ते गावाशी नाहीच, भुताशी! गावावर माझा राग नाही. भुताबद्दल तर मला आदरच आहे. माझं कीर्तन समजून घेऊन आरतीपर्यंत थांबलेला तो एकमेव श्रोता!