अंत्युखियाची पंगत

सकाळी मी अंगणात भांडी घासत बसते आणि भिंतीपलीकडून एक पांढरी कानटोपी हळूहळू वर येते. टोपीखाली ढोमणे भाऊजी असतात. ही टोपी बारा महिने डोक्यावर. रायपूरच्या मे महिन्यातसुद्धा. टोपी वर आली की मी समजते, बातमी आहे.

"वहिनी, पौलाले पकडलं."

"कोणी?"

"रोमच्या शिपायांनी. देवळात दंगा झाला. चाबूक मारणारच होते, तेवढ्यात पौल म्हणे, थांबा, मी रोमचा नागरिक आहो. सायबाची गाळणच उडाली."

"मंग सोडलं का?"

"नाही न. केस वरती गेली, रोमले."

ही बातमी दोन हजार वर्षांपूर्वीची. भाऊजी ती अशी सांगतात, जणू आत्ताच गुढियारीच्या ठाण्यावरून येऊन राहिले. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी खरंच विचारलं होतं, जमानत कोणी घेतली म्हणून. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी. पौल हा पलीकडच्या पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला, कोणी असेल असंच मला वाटलं.

भाऊजी रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. इंजिनात निदान दोघं असतात. गार्ड म्हणजे गाडीच्या शेपटाला एक डबा आणि त्यात एक माणूस. जन्मभर बोलायला कोणी नव्हतं. बायकोशी बोलतील म्हणावं, तर ती यांच्या रिटायर होण्याआधीच गेली. साठलेलं सगळं बोलणं आता माझ्या भिंतीवरून येतं. मी ऐकते, कारण भांडी तशीही घासायचीच असतात.

त्यांच्या घरी गीता आहे, मारुतीचा फोटो आहे आणि येशूच्या पहिल्या लोकांवरची, त्याचा धर्म गावोगाव नेणाऱ्या पौलावरची पुस्तकं आहेत, खुर्चीवर, खाटेखाली, एक फ्रीजवरसुद्धा. लोकांना वाटलं भाऊजी धर्म बदलतात की काय. आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी चौकशीला आले. भाऊजी म्हणाले, "मी शनिवारी मारुतीले तेल वाहतो अन् रविवारी पौलाचं वाचतो. त्या दोघांचं काही भांडण नाही, तुमचंच काहून आहे?" सेक्रेटरी चहा घेऊन गेले.

पाद्रीसाहेबांची तर त्याहून वाईट गत. भाऊजी चर्चच्या दारात उभे राहून त्यांना सांगून आले, "येशू यहुदी, त्याची माय यहुदी, बाराही चेले यहुदी. ख्रिस्ती हा शब्दसुद्धा मागाहून आला. घरातलंच भांडण होतं ते, फादर." पाद्री बिचारे म्हणाले, "हाँ अंकलजी, पता है, बैठिए, पानी पीजिए." आता भाऊजी दिसले की ते स्कूटर दुसऱ्या गल्लीतून नेतात.

'घरातलंच भांडण' हे भाऊजींचं पेटंट वाक्य. बाकी सगळं ते रेल्वेच्या भाषेत समजावतात. रोमनं यहुद्यांना सूट दिली होती, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळला नाही तरी चालेल. का? "सीनियॉरिटी, वहिनी. जुना धर्म." येशूची माणसं सुरुवातीला त्याच डब्यात बसून चालली होती. मग त्यांचा डबा वेगळा लागला, आणि रोमचा टीसी आला. "तुमचा पास कुठाय? पास तर त्या डब्याचा होता."

एकदा म्हणाले, "बाहेरच्या माणसांनी आत यायचं तर यहुद्यांची एक अट होती. बायांसमोर सांगता येत नाही."

"मले ठाऊक आहे, पोट्ट्यांची सुंता करतात ते. पुढं बोला."

टोपी दोन बोटं खाली गेली. पण बातमी थांबली नाही. मोठ्या माणसांना ती अट नको, असं पौल म्हणत होता, आणि मोठ्या माणसांचंही तेच मत होतं.

मंडळाच्या गणपतीत आभार मानायला त्यांना पाच मिनिटं दिली. भाऊजींनी माईक हातात घेतला आणि सांगितलं, की ख्रिस्ती लोकांकडे मूर्ती नाही म्हणून रोमचे लोक त्यांनाच नास्तिक म्हणायचे. मग ते एकत्र बसून माणसाचं मांस खातात अशी अफवा होती, तेही सांगितलं. समोर महाप्रसाद वाढलेला. आभार राहूनच गेले.

पंडरीच्या कापडबाजारात माझ्यासोबत साडी घ्यायला आले, तर जांभळ्या ठाणावर हात ठेवून उभे. दुकानदाराला म्हणतात, "भैया, लुदिया नाम की एक बाई थी, यही धंदा था, जामुनी कपड़ा. पौल उसी के घर ठहरा था." दुकानदार म्हणाला, "उधार वाली थी क्या?"

बातम्या रोज बदलतात. एक मात्र जुनी होत नाही. ती सांगताना भाऊजी भिंतीवर मूठ आपटतात.

"पेत्र उठला, वहिनी. भर पंगतीतून उठला."

पेत्र म्हणजे येशूचा अगदी जवळचा चेला. अंत्युखिया नावाच्या गावात तो गैरयहुदी लोकांसोबत मजेत जेवायचा. यहुद्यांच्या रीतीत ते बसायचं नाही, पण तो बसायचा. मग यरुशलेमहून येशूच्या भावाकडची, याकोबाकडची, जुन्या रीतीची माणसं आली. त्यांना पाहिलं आणि पेत्र मागे सरला. "कोणी त्याले हात धरून उठवलं नाही. लोक काय म्हणतील, एवढ्यावर उठला." मग पौलानं सगळ्यांसमोर त्याला झापलं. इथं भाऊजींचा आवाज असा चढतो, की समोरच्या घरचं कुत्रं भुंकायला लागतं.

आता सरळ सांगते. भाऊजींची एकुलती एक मुलगी मंजू नर्स आहे. तिनं जशपूरकडच्या उरांव आदिवासी ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं. मुलगा सोन्यासारखा, उरल्याच्या कारखान्यात फिटर, राहतात बीरगावला. लग्नाच्या जेवणाला मी होते. त्यांच्याकडे बकरा असतो, पण आमच्यासाठी व्याह्यांनी कांदासुद्धा घातला नव्हता. भाऊजी व्याह्यांच्या शेजारी बसले, वरणभात कालवला, चार घास खाल्लेही. तेवढ्यात वरूडहून त्यांचे मोठे भाऊ आले. मांडवाच्या तोंडाशीच उभे राहिले, आत आले नाहीत. भाऊजींनी त्यांना पाहिलं आणि ताट तसंच ठेवून उठले.

व्याह्यांनी भाऊजींच्या ताटावर पत्रावळ पालथी घातली, माशा बसू नयेत म्हणून.

पुस्तकं त्यानंतर आली. भाऊजी बीरगावला कधी गेले नाहीत. मंजू फोन करते, तेव्हा तिला रोमची बातमी देतात. ती काय जेवली, हे विचारत नाहीत. मोठे भाऊ मात्र दर रविवारी दुपारी वरूडहून फोन करतात, आणि भाऊजी उभं राहून बोलतात.

या फेब्रुवारीत टोपी पुन्हा वर आली. "वहिनी, पेत्र उठला."

माझं कढईला लागलेलं दूध निघत नव्हतं. मी म्हटलं, "उठला, उठला, किती वर्षं उठता? परत बसला का नाही, ते सांगा."

टोपी खाली गेली. दोन दिवस भिंत रिकामी. मग आले ते दारातून आले, भिंतीवरून नाही.

"ते लिहिलंच नाही, वहिनी. पौलानं झापलं, एवढं लिहिलं. पेत्र परत बसला का, कुठंच नाही. सगळी पुस्तकं पाहिली मी." मग टोपी सारखी करत म्हणाले, "व्याही आले आहेत मंजूकडे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ती जेवायले बोलावून राहिली, रविवारी. तुम्ही येता का संगं?"

"मी काहून? मले कोणी बोलावलं?"

"एकट्याचा पाय उचलत नाही."

गेलो. खोलीत चटया घातल्या होत्या. व्याही काळा चष्मा लावून बसलेले, शेजारी एक चटई रिकामी. भाऊजी उंबऱ्यातच थांबले. माणूस माफी मागतो, नमस्कार करतो. यांनी तिथूनच सुरू केलं, "समधीजी, वो अंत्युखिया में पेत्र उठ गया था न..."

"हाँ, उठ गया था," व्याही म्हणाले. ते जन्मभर मास्तर होते.

"फिर बैठा कि नहीं? लिखा नहीं है."

व्याह्यांनी काळा चष्मा जरा वर केला आणि चांगल्या डोळ्यानं पाहिलं. "लिखा तो नहीं है. भूख लगी होगी, तो बैठ गया होगा. आइए, भात ठंडा हो रहा है."

भाऊजी बसले. बसून कानटोपी काढली आणि मांडीखाली ठेवली. इतक्या वर्षांत त्यांचं टक्कल मी पहिल्यांदा पाहिलं. चांगलं चकचकीत आहे, झाकण्यासारखं काही नाही.

वरणभातच होता. कांदा नव्हता. भाऊजींनी चार घास खाल्ले आणि चटईवरचा फोन वाजला. रविवारची दुपार. मंजूचा वाढायचा हात हवेतच राहिला. जावयानं पाण्याच्या तांब्याकडे पाहिलं. व्याही तेवढे जेवत राहिले.

भाऊजींनी डाव्या हातानं फोन उचलला. बसूनच.

"हव दादा. जेवून राहिलो. मंजूच्या घरी... हव, व्याही बाजूलेच आहेत." पलीकडून बरंच काही आलं. भाऊजींनी मध्येच एक घास खाल्ला. "दादा, भात थंडा होऊन राहिला. संध्याकाळी करतो."

मंजूनं भात वाढला, जरा जास्तच. त्यांनी तो संपवला, मग आणखी मागितला. व्याह्यांचं झालं, जावयाचं झालं, माझं तर केव्हाच झालं. आम्ही हात धुऊन आलो, तरी भाऊजी रिकाम्या ताटासमोर बसूनच.

शेवटी मंजू झाडू घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, अब तो उठो."