बाबुलालचा कोरडा दिवस

आशा सेविका दिव्यानीताईनं कूलरच्या टाकीत टॉर्च मारला. आत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. बाबुलाल तेव्हा मागच्या अंगणात जाळं शिवत बसला होता. तो पुढे आला, तोवर ताई चप्पल घालत होती.

"आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळाच, भाऊ. मंगळवार धरा. नाई तं रोशनीले मागच्या सालासारखा डेंगू होईन."

मागच्या साली बाबुलालची पाच वर्षांची लेक रोशनी आठ दिवस दवाखान्यात होती.

"मी घेतो हे ताईले कसं समजलं?" त्यानं बायकोला विचारलं.

गोकुळानं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "अख्ख्या गावाले समजते," ती म्हणाली.

दारूबंदीचा जिल्हा. कागदावर रोजच कोरडा दिवस. बाबुलालच्या घशाला तो कागद कोणी वाचून दाखवला नव्हता, एवढंच.

पहिला मंगळवार. घसा सुकला.

दुसरा. पिण्यातला दोस्त सुनिल बोलवायला आला.

"चाल ना बे, मोहाची ताजी हाय."

"नाई. पोरीले डेंगू होते."

"तू पेल्यानं पोरीले?"

बाबुलालनं आठवडाभर विचार केला होता. "डास आधी मले चावते. मंग त्याले चढते. झिंगलेला डास कोणालेबी चावते."

सुनिललाही दोन पोरं होती. तो गुपचूप घरी गेला.

तिसरा. मेव्हण्याचं लग्न. एकच घोट. रात्रभर बाबुलाल रोशनीच्या कपाळाला हात लावत बसला. ताप नव्हता. तरी त्यानं शुक्रवार कोरडा केला, मग रविवार, मग कोणता वार उरला ते आठवेना, म्हणून सगळेच.

नवव्या मंगळवारी ताई आली. पुन्हा टॉर्च. टाकी लख्ख पुसलेली.

"शाबास, भाऊ! पाळता म्हणजे."

"एक थेंब नाई, ताई. साळ्याच्या लग्नात घेतली तेवढीच."

"लग्नात टाकी घेतली?"

बाबुलालनं ताईकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं. मग गोकुळाकडे. ती फडकं पिळत होती.

"म्हणजे कोरडा दिवस… कूलरचा होता?"

"मंग काय तुमचा?" म्हणत ताई पुढच्या घराकडे वळली.

"काऊन सांगतलं नाई?" बाबुलालनं गोकुळाला विचारलं.

"मी टाकी सुकवत होती, तुमी घसा. पोरगी बरी हाय ना?"

सांजेला सुनिल धावत आला. "अबे, ते कूलरचं होतं म्हणे! चाल!"

बाबुलाल उठला. अंगणात रोशनी कोंबडीमागं पळत होती. तो परत बसला.

"दोन औषधं संगंच चालू होती ना बे. गुण कोणत्यानं आला, कोणाले मालूम? एक बंद करून पाहाची माही हिंमत नाई."