डोळ्याचा नंबर अन् बापाचं तोंड

"तोच नंबर? दहा वर्षांनी बी तोच?"

दुर्गजवळच्या चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरात, पोरीनं चप्पल काढायच्या आधीच पंजाबराव तिच्या हातातला कागद पाहून ओरडले. पोरगी मोना नुकतीच नेहरू नगरच्या डोळ्याच्या डॉक्टरकडून आली होती. शाळेत असताना तिचं बुबुळ टोकदार व्हायला लागलं होतं. तेव्हा डॉक्टरनं पिवळं औषध टाकून निळा उजेड मारला होता. क्रॉस-लिंकिंग म्हणतात त्याला.

"डॉक्टर तर खुश झाले, बाबा."

"त्यायले खुश व्हाले का जाते! नंबर तर उतरलाच नाही!"

"उतरवाले नव्हतंच केलं. वाढू नये म्हणून केलं. यार्डात डबा घसरू नये म्हणून चाकाले लाकडाचा गुटका लावला, तर डबा वापस चढावर जाते का?"

"नाही जात."

"मंग?"

रेल्वेचे डबे जोडायच्या-तोडायच्या शंटिंगमध्ये हयात गेलेली, त्यामुळं पंजाबरावांना गुटका समजला. डोळा नाही समजला. आणि दुसऱ्याच दिवशी दुर्गचे भय्याजी पोरगा राजदीपला घेऊन लग्नाची बोलणी पक्की करायला येणार होते. राजदीप मोनाच्या मनात भरलेला. भय्याजींचं विचारणं एकच होतं, पोरीचा डोळा पुढं बिघडणार तर नाही?

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपुढं पोहे आले. भय्याजींनी तेच विचारलं. मोना तोंड उघडणार, तेवढ्यात बाप बोलला, "एकदम झकास! दर साली नंबर बदलून राहिला, भय्याजी. आता तं अर्ध्यावर आला!"

भय्याजींचा चमचा हवेतच थांबला. "बदलून राहिला? माझ्या पुतण्याले हेच दुखणं हाये. नंबर बदलला का घरात रडारड होते. बदलते म्हणजे बिमारी चालू हाये, असं त्याचा डॉक्टर सांगते. चाल रे राजदीप."

"बसा बसा! खोटं बोललो जी! नंबर जसाच्या तसा हाये!"

"आमी उठलो तं जसाच्या तसा झाला?"

"नाही हो, मी पहिल्यापासूनच खोटारडा आहो! हिले विचारा!"

बायकोनं, पंचफुलाबाईंनी, लगेच साक्ष दिली, "लग्नात सांगे, चाळीस एकर हाये म्हणून. जाऊन पाहते तं एक बोरीचं झाड! शेजारच्या टिकारामभाऊले बोलावू का? त्यायच्याजवळ तं अजून किस्से हायेत."

मोनानं मधेच डॉक्टरला फोन लावून स्पीकर चालू केला. डॉक्टर म्हणाला, "दस साल में कुछ नहीं बदला। इससे बढ़िया क्या चाहिए? बस, हर साल दिखाते रहना।"

भय्याजी बसले. पोहे चिवडत राहिले. मग खाकरले.

"इतकं खरं चालूच हाये तं... राजदीप परमनंट नाही. हथखोजच्या फॅक्टरीत ठेक्यावर हाये."

"मले मालूम हाये," मोना राजदीपकडे बघत म्हणाली. "यायनं मागच्याच हप्त्यात फोनवर सांगितलं."

पंजाबराव बायकोच्या कानाशी वाकले.

"कावं, हे चांगलं झालं का खराब?"

"तुमी आता बोलू नका," पंचफुलाबाई म्हणाल्या, "म्हणजे चांगलंच होईल."